साइज न ठरवता पिस्टन आणू नका: चार सिलिंडरचं इंजिन नव्याने बांधताना

सकाळी गाडी गॅरेजला लागते, दुपारपर्यंत हेड उघडलेलं असतं आणि चारच्या चहाला मेकॅनिक पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून देतो: पिस्टन सेट, रिंगा, मेन आणि बिग एंड बेअरिंग (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती मेन; पिस्टनच्या रॉडच्या खालच्या टोकाची ती बिग एंड), फुल गॅस्केट किट, टायमिंग बेल्ट. मालक तसाच मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत. काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, ‘साइज काय?’ यादीत साइज नसते. मग गॅरेजला फोन, तिकडून उत्तर येतं, ‘स्टँडर्ड (म्हणजे मूळ मापाचे) घेऊन या हो’, आणि इंजिन कामातली सगळ्यात महाग चूक तिथेच होऊन जाते.

बोर, म्हणजे सिलिंडरचं भोक, पिस्टनच्या मापाने कापायचा असतो. म्हणजे आधी ब्लॉक मोजायचा, मापावरून साइज ठरवायची, त्या साइजचे चार पिस्टन हातात घ्यायचे आणि ते पिस्टन बोरिंगवाल्याच्या टेबलावर ठेवून सांगायचं, याला बसेल असा बोर कर. हा क्रम उलटा झाला तर पुढे कितीही भारी माल घाला, इंजिन लवकरच पुन्हा ऑईल खायला लागतं.

हिशेबासाठी इथे मारुतीचं जी१३ इंजिन घेतलं आहे. जिप्सी आणि एस्टीममधलं हे १२९८ सीसीचं इंजिन, बोर ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मिमी. जुन्या पद्धतीच्या इंजिनासाठी आपली कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी आहेच: १०८९ सीसी, बोर ६८, स्ट्रोक ७५. तुमच्या गाडीचे नेमके आकडे तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

उघडायची गरज आहे का?

निळा धूर दिसला की ‘इंजिन गेलं’ म्हणायची घाई होते. धूर केव्हा येतो ते आधी बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर निळा लोट येतो आणि मिनिटभरात साफ होतो, तर व्हॉल्व्ह सील कडक झाले आहेत. फ्लायओव्हरच्या उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये खाली येते आणि पुन्हा रेस दिल्यावर धूर निघतो, तर गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) आणि सील दोन्हींवर संशय घ्यायचा. चढावर, लोडमध्ये, सतत निळा धूर असेल तर मात्र रिंगा आणि बोर. पहिल्या दोन प्रकारांत ब्लॉकला हात लावायची गरज नसते. पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि कूलंट कमी होत जाणं म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. काळा धूर हा इंधनाचा प्रश्न, त्यासाठी इंजिन उतरवायला सांगणाऱ्यापासून लांब राहा.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून, स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज असलेली. साध्या पेट्रोल इंजिनात साधारण ११ ते १४ किलो दर चौरस सेंटिमीटर मिळायला हवेत. गेज पीएसआयमध्ये असेल तर १४ किलो म्हणजे सुमारे २०० पीएसआय. आकड्याइतकाच चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तीन ठिकाणी १२ आणि एका ठिकाणी ८ असेल तर त्या एकाच सिलिंडरमध्ये काहीतरी बिघडलं आहे. चारही ९ असतील तर झीज सगळीकडे सारखी आहे, किंवा टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे. तेही तपासा, किरकोळ कामासाठी लोक पूर्ण इंजिन उघडून बसलेले असतात.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑईल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गळताहेत, कारण ऑईलने फट तात्पुरती बुजवली. आकडा तसाच राहिला तर गळती वर आहे, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये. अजून पक्कं हवं असेल तर पिस्टन वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये घालून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनलेट, ऑईलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

खालच्या आवाजाचीही परीक्षा आहे. थंड असताना ठोकणारा आणि गरम झाल्यावर थांबणारा आवाज पिस्टनचा. गरम झाल्यावर वाढणारी, रेस देऊन सोडताना ऐकू येणारी जड ठकठक बिग एंडची. त्या सिलिंडरचं प्लग कनेक्शन काढलं की ती दबते. असा आवाज येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. बेअरिंग आणि क्रँक एवढ्यावर निभावणारं काम रस्त्यात ब्लॉक फोडून बसतं.

एक सूचना इथेच. ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ हे शब्द प्रत्येक गॅरेजमध्ये वेगळ्या अर्थाने चालतात. कुणाच्या ‘हाफ’मध्ये क्रँकला हात लागत नाही, कुणाच्या ‘हाफ’मध्ये फक्त हेड येतं. काय काय उघडणार, काय मोजणार, काय बदलणार, हे कागदावर घ्या. मजुरी, बोरिंगचं बिल आणि मालाचं बिल वेगवेगळं मागा.

उघडताना

धुवायच्या आधी बघायचं. ऑईलच्या चेंबरच्या तळाशी चमचमणारी चंदेरी-तांबूस भुकटी म्हणजे बेअरिंगचा थर निघालेला. कॉफीसारखं फेसाळ ऑईल म्हणजे पाणी मिसळलेलं. हेड गॅस्केटवर दोन सिलिंडरच्या मधोमध काळी रेघ असेल तर तिथून गॅस पलीकडे जात होता.

मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) कॅपवर नंबर आहेत का पाहा. नसतील तर बारीक पंचने ठिपके मारून घ्या, एकाला एक, दोनला दोन. कॅप आणि रॉड एकत्र बोर केलेले असतात. अदलाबदल झाली की गोल भोक गोल राहत नाही. बेअरिंगच्या पट्ट्याही आपापल्या जागेच्या नावाने कागदावर ओळीने मांडून ठेवा. सगळ्या सारख्या घासलेल्या असतील तर ते वय. एकच मेन जास्त खाल्लेलं असेल तर ऑईलची वाट तुंबलेली किंवा क्रँक वाकलेला. तिरकी, एका कडेला चमकणारी घासण असेल तर रॉड वाकलेला.

मुंबईत वाकलेल्या रॉडचं कारण बहुतेक वेळा पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हापासून हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दरवर्षी हिंदमाताच्या पाण्यात बंद पडलेली गाडी लोक पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून बघतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वर पाणी असतं, मग वाकतो तो रॉड. अशी गाडी कधीकधी चालूही होते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्लॉकला भोक पाडते. हेड काढल्यावर चारही पिस्टन आळीपाळीने वरच्या टोकाला आणा आणि ब्लॉकच्या पृष्ठभागापासून ते किती खाली राहतात ते डेप्थ गेजने मोजा. तिघे सारखे आणि एक अर्धा मिलिमीटर खाली, तर त्याचा रॉड आखूड झाला आहे. तो सरळ करून घेऊ नका, बदला.

मोजमाप: इथे घाई नको

लागणारी साधनं मोजकी: बोर गेज, ७५ मिमीपर्यंतचे मायक्रोमीटर, फीलर गेज (फटीत घालून मोजायच्या पातळ पात्या), सरळ पट्टी आणि प्लास्टिगेज. गॅरेजकडे ती नसली तरी चांगल्या बोरिंगवाल्याकडे असतातच. त्याला सांगायचं, ‘आधी मोजून आकडे लिहून द्या, बोर नंतर करू.’ आकडे लिहून द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडे ब्लॉक ठेवू नये.

प्रत्येक बोर तीन उंचींवर आणि दोन दिशांना मोजतात, म्हणजे सिलिंडरमागे सहा आकडे, एकूण चोवीस. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या थांब्याजवळ सापडते, कारण तिथे दाब आणि उष्णता सर्वात जास्त आणि ऑईल सर्वात कमी. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तिथला धातू मूळ मापाचा राहतो आणि एक कडा तयार होते. नख वरून खाली फिरवा, अडकेल.

नुसत्या रिंगा बदलून भागत का नाही, ते या कडेवरून आणि एका गुणाकारावरून कळतं. समजा बोर वर ७४.१५ आणि खाली ७४.०० आहे. फरक ०.१५ मिमी, म्हणजे कागदाच्या दीडेक पानाएवढा. पण रिंगेच्या तोंडातली फट परिघावर मोजली जाते, म्हणून ती ०.१५ गुणिले ३.१४, म्हणजे ०.४७ मिमीने वाढते. खाली ०.२५ असलेली फट वर ०.७२ होते. जी१३च्या वरच्या रिंगेला ०.७ ही शेवटची मर्यादा धरतात. नवी कोरी रिंग पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर. शिवाय ३००० आरपीएमला ती सेकंदाला ५० वेळा उघडमिट करणार आणि तिची धारदार वरची कड त्या जुन्या कडेवर आपटणार. अशी रिंग तुटायला वेळ लागत नाही.

आता साइज ठरवायची. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे, पिस्टन जपानी पद्धतीत ०.२५ आणि ०.५० मिमीच्या पायऱ्यांनी मिळतात; बोरिंगवाले त्यालाच दहाचा आणि वीसचा म्हणतात, कारण ते थाऊमध्ये (इंचाचा हजारावा भाग) मोजतात आणि एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिमी. बोर सर्वात जास्त ७४.१२ झालाय, मग ७४.२५चा पिस्टन आरामात बसेल असं वाटतं. इथे फसगत होते. झीज सगळीकडून सारखी नसते. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला बहुतेक सगळी असते. ०.१२ पूर्णपणे एकाच भिंतीवर असेल आणि बोरिंगवाल्याने मूळ केंद्र सोडलं नाही, तर ती भिंत साफ व्हायला व्यासात ०.२४ काढावे लागतात. दहाचा काठावर, वीसचा बिनधास्त. म्हणून ०.१० च्या पुढे एकतर्फी झीज दिसली की सरळ ०.५०. ब्लॉक एकदाच उतरतो. (वीसचा पिस्टन घातल्यावर इंजिन १२९८ चं सुमारे १३१६ सीसी होतं. पिकअप वाढल्यासारखा वाटतो तो या १८ सीसीचा नसतो, कॉम्प्रेशन परत आल्याचा असतो.)

एकाच सिलिंडरला खोल ओरखडा असेल तर ‘त्या एकाला वीसचा, बाकी स्टँडर्ड’ अशी तडजोड सुचवली जाते. करू नका, चारही एकाच साइजचे आणि एकाच वजनाचे हवेत.

पद्मिनीसारखा ओतीव लोखंडाचा ब्लॉक बऱ्याच वेळा बोर करता येतो आणि शेवटी लाइनर (बोरमध्ये बसवायची लोखंडी नळी) घालून पुन्हा स्टँडर्डला आणता येतो. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ओतलेले लाइनर पातळ असतात, त्यांना कंपनीने सांगितलेल्या शेवटच्या साइजच्या पुढे न्यायचं नाही.

क्रँकचं तसंच. प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांना आणि दोन टोकांना मोजा, ०.०१ मिमीपेक्षा जास्त लंबगोल किंवा उतरता असेल तर ग्राइंडिंग. हा आकडा एवढा बारीक आहे की बोटाला कळत नाही, त्यामुळे ‘हाताला गुळगुळीत लागतोय’ या शेऱ्याला किंमत नाही. ग्राइंडिंगनंतर तीन गोष्टी बघा: जर्नलच्या कडेची गोलाई शिल्लक आहे का (ती काटकोनी झाली की क्रँक तिथूनच तुटतो), ऑईलच्या भोकांच्या कडा मारल्या आहेत का, आणि पॉलिश केलंय का.

क्रँक स्टँडर्डच राहिला तरी बेअरिंग ‘स्टँडर्ड’ एवढं सांगून भागत नाही. सुझुकीच्या इंजिनात स्टँडर्ड मेन बेअरिंग पाच जाडींमध्ये येतात, कडेला रंगाचा ठिपका असतो: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. सर्वात पातळ हिरवा, सर्वात जाड निळा, आणि दोन रंगांमध्ये फरक ०.००३ मिमी. कुठला कुठे लावायचा ते क्रँकच्या आणि ब्लॉकच्या अंगावर ठोकलेल्या खुणांवरून मॅन्युअलच्या तक्त्यात मिळतं. त्या खुणा तेलाच्या थराखाली असतात, म्हणून त्या आहेत हेच अनेकांना माहीत नसतं.

शेवटचा न्याय प्लास्टिगेज करतो. हा मेणासारखा बारीक दोरा. जर्नल आणि बेअरिंग कोरडं पुसायचं, दोऱ्याचा तुकडा जर्नलवर लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप लावून पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि कॅप काढून चपटलेल्या दोऱ्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडायची. रुंद पट्टी म्हणजे कमी फट. ४५ मिमीच्या आसपासच्या जर्नलला ०.०२ ते ०.०५ मिमी ठीक. हिरवा दोरा ०.०२५ ते ०.०७६ पर्यंत मोजतो. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद दिसला तर जर्नल उतरता आहे किंवा कॅपखाली कचरा आहे.

हेड

हेडवर सरळ पट्टी ठेवून तिरकी, आडवी, उभी फट बघा. ०.०५ मिमीच्या वर असेल तर फेसिंग (मशीनवर पृष्ठभाग सपाट करणं), तेही लागेल तेवढंच. कॉम्प्रेशन रेशो ९ धरला तर जी१३च्या एका सिलिंडरची वरची खोली सुमारे ४०.६ सीसी, ०.२ मिमी काढलं की ती ३९.७ वर येते आणि रेशो ९.२ च्या जवळ जातो. एकदा चालेल. दर गरम होण्याला एकदा फेसिंग करत गेलात तर इंजिन साध्या पेट्रोलवर टकटक करायला लागेल. ओव्हरहीट झालेल्या ॲल्युमिनियमच्या हेडची प्रेशर टेस्ट गरम पाण्यात करायची, हेड थंड असताना तडा मिटलेला असतो.

व्हॉल्व्ह आणि सीट ४५ अंशांना, लागण्याची पट्टी १ ते १.५ मिमी रुंद. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झाल्यावर हेड उलटं करून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि पाच मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर परत. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट सीटकडे जास्त लक्ष द्या. पेट्रोलचे थेंब सीटला थोडं थंड करतात, गॅस कोरडा असतो. सीट हळूहळू आत बसते, व्हॉल्व्ह वर चढतो, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट कमी कमी होत शून्यावर येते आणि मग व्हॉल्व्ह नीट न बसल्याने जळतो. म्हणून सीएनजी गाडीत टॅपेटचा आवाज ‘छान शांत झाला’ ही वाईट बातमी असू शकते. कडक धातूच्या सीट घाला आणि टॅपेट लवकर लवकर तपासा.

आता बाजार

हातात मापं असली की काउंटरवरची बोलणी बदलतात. ‘जी१३, पिस्टन वीसचे, मेन स्टँडर्ड पिवळे दोन, काळे तीन, बिग एंड ०.२५’ असं म्हणणाऱ्याला दुकानदार वेगळ्या कपाटातला माल दाखवतो.

न विचारता बदलायच्या गोष्टी: रिंगा, सगळी बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर, व्हॉल्व्ह सील, क्रँकची पुढची-मागची ऑईल सील, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (चेन असेल तर चेन, गाइड, टेन्शनर), वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज पाइप, ब्लॉकचे वेल्च प्लग. वेल्च प्लग म्हणजे ब्लॉकच्या पोटात बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या. नळाचं पाणी घालत राहिलेल्या गाडीत त्या आतून गंजलेल्या असतात आणि गिअरबॉक्सच्या मागची फुटली की पुन्हा सगळं उतरवावं लागतं. हेड बोल्ट ताणून आवळायच्या जातीचे, म्हणजे मॅन्युअलमध्ये शेवटचा टप्पा अंशांमध्ये दिलेला असेल, तर नवेच. ऑईल पंप मोजून ठरवा. क्लच प्लेट अर्धी संपली असेल तरी आत्ताच बदला, गिअरबॉक्स सुटलेलाच आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्याही त्याला टिकणाऱ्या घ्या.

कंपनीच्या डब्याचाच माल हवा का? बेल्ट, वॉटर पंप आणि ऑईल सील यांत शक्यतो हो. पिस्टन-रिंगांमध्ये गोएट्झे, उषा, इंडिया पिस्टन्स ही नावं बाजारात जुनी आहेत आणि माल खरा असेल तर डोळे झाकून घ्यावा. माल खरा असणं हीच अडचण. डब्यावरचा कोड तपासा, बिल पक्कं घ्या, आणि किचनचा डिजिटल काटा बरोबर न्या. चार पिस्टन एकेक करून ठेवा; ४-५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर तो सेट नव्हे, चार सुटे पिस्टन एका डब्यात भरले आहेत. रिंग बोरमध्ये सरळ बसवून खालून टॉर्च मारा, कडेने उजेड दिसला तर परत करा. बेल्ट आणि सीलवरची तारीख वाचा, रबर दुकानात पडूनही म्हातारं होतं.

हेड गॅस्केटमध्ये अनेक पत्र्यांचं स्टीलचं गॅस्केट उत्तम, पण त्याला आरशासारखा पृष्ठभाग लागतो. फेसिंग खरखरीत असेल तर साधं कॉम्पोझिट गॅस्केटच बरं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना माल भरपूर. कव्हर, ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, चेंबर खुशाल घ्या. क्रँक आणि हेड ‘तपासून नाही पटलं तर परत’ या बोलीवर. जुनी बेअरिंग, बोल्ट, वॉटर पंप नको. ब्लॉक किंवा अख्खं इंजिन घेत असाल तर लक्षात ठेवा, इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तो तुमच्या आरसी बुकात छापलेला आहे. कागद नसलेलं इंजिन कितीही चांगलं असलं तरी उचलू नका. आरटीओत नोंद झाली नाही तर गाडी विकताना आणि विम्याच्या दाव्यात अडकता.

बांधणी

बोरिंगवाल्याकडून ब्लॉक आला की तो ‘धुतलेला’ असतो. तुम्ही पुन्हा धुवा, आणि पेट्रोल-रॉकेलने नको. होनिंगच्या (बोर शेवटचा घासून त्यावर बारीक रेघा पाडणं) दगडाची कणी जाळीदार रेघांमध्ये रुतून बसते. रॉकेल तिच्यावरून वाहून जातं. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश. मग पांढरं सुती फडकं ऑईलमध्ये भिजवून बोर पुसा, ते काळपट होत असेल तर पुन्हा साबण. ऑईल गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश फिरवा, हवा मारा. आणि लगेच बोरला ऑईल लावा. जुलैतल्या मुंबईच्या हवेत उघडा लोखंडी बोर तासाभरात तांबूस पडतो.

प्रत्येक रिंग आपल्या बोरमध्ये घालून, पिस्टनने ढकलून सरळ करून, फीलरने फट मोजा. ७४ च्या बोरला ०.३० च्या आसपास. कमी असेल तर बारीक कानशीने घासून वाढवा. फट फार कमी असेल तर गरम झाल्यावर तोंडं भिडतात आणि रिंग बोर फाडते. ‘टॉप’ किंवा अक्षराची खूण वर. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑईल खाली खरवडण्याऐवजी वर ओढते आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून धूर मारतं. फटी एकाखाली एक येऊ देऊ नका. पिस्टनवरचा बाण टायमिंगच्या बाजूला.

टॉर्क पाना हवाच. एकक नीट वाचा: १ किलो-मीटर (एक मीटर लांब पान्यावर एक किलोचा जोर) म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर म्हणजे ७.२ फूट-पाउंड. ७ किलो-मीटरचा बोल्ट फूट-पाउंडच्या पान्याने ‘सत्तर’ला आवळला की सुमारे ४० टक्के जास्त झाला. हेड बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. त्याआधी ब्लॉकमधली बंद भोकं हवेने कोरडी करा. तळाशी ऑईल राहिलं तर बोल्ट त्याला दाबतो आणि तेच पाणी-रॉडचं गणित ब्लॉकला तडा देतं. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. आत्तापर्यंत हलका फिरत होता आणि ही कॅप आवळल्यावर जड झाला, तर गुन्हेगार सापडला. सगळं झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

सिलिकॉन कमी लावा. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत सुटून ऑईलच्या जाळीवर जाऊन बसतं.

टायमिंग लावल्यावर पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडला तर जोर लावू नका. मग प्लग न लावता स्टार्टर मारा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतर प्लग.

पहिले हजार किलोमीटर

चालू झाल्यावर गाडी तासभर आयडलला उभी ठेवायची जुनी सवय आहे. उलट आहे ते. रिंगेला बोरवर दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब, आणि आयडलला तो नसतोच. रिंगा बसण्याआधी बोर काचेसारखा होतो. पद्मिनीसारख्या पुशरॉड इंजिनात पहिली वीस मिनिटं १५०० ते २००० आरपीएमवर, नव्या कॅम-टॅपेटसाठी. बाकीच्यांत गळती, तापमान आणि ऑईल प्रेशर बघून लगेच रस्त्यावर.

सायनच्या सिग्नलला रिंगा बसत नाहीत. रविवारी पहाटे ईस्टर्न एक्सप्रेसने ठाण्यापलीकडे जा. वरच्या गिअरमध्ये ४० वरून ७० पर्यंत दमदार न्या, पाय पूर्ण काढून परत ४० ला येऊ द्या, असं दहा-पंधरा वेळा. एकाच वेगाने लांब पळवू नका, एसी बंद. सुरुवातीला साधं मिनरल ऑईल. सिंथेटिक इतक्यात नको.

५०० किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदला. काढलेला फिल्टर फेकायच्या आधी पत्रा कापून कागदाच्या घड्या उलगडा आणि उन्हात धरा. बारीक राखाडी भुकटी रिंगांची, ती यायचीच. चुंबकाला न चिकटणारे, चमकणारे, पापुद्र्यासारखे तुकडे दिसले तर ते बेअरिंगचे, आणि गाडी तिथूनच टो करायची. काहीच नसेल तर एका कागदावर ‘बोर ७४.५०, मेन स्टँडर्ड, बिग एंड ०.२५’ आणि किलोमीटर लिहून तो कागद बिलांसोबत ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.